सातव्या ओळीतल्या बिया

त्या वर्षी मी एका बाईवर आळ घेतला. आळ फुलांचा होता. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण आमच्या धंद्यात फुलाचा आळ म्हणजे लहान गोष्ट नाही.

मी तेव्हा एका छोट्या बियाणं कंपनीत कामाला होते. राहायला शहरात, पुंडलिकनगरात, आणि कंपनीचं खंडानं घेतलेलं शेत खुलताबादच्या अलीकडं, दौलताबादचा घाट चढून गेल्यावर डाव्या हाताला. सकाळी साडेपाचला कंपनीची जीप मला कोपऱ्यावरून उचलायची. शेतावर पोचेस्तोवर उजाडत असे. भोपळ्याची फुलं उजाडतानाच उमलतात आणि ऊन तापायच्या आत कोमेजतात, त्यामुळं आमचं खरं काम दोन-अडीच तासांचं. बाकी दिवसभर नोंदी आणि देखरेख.

काम होतं दोन भोपळ्यांचं लग्न लावायचं. पैठणकडच्या पट्ट्यात लोक त्याच त्या जमिनीत फिरून फिरून टरबूज घेतात, आणि मग मुळाला मर लागते. वेल हिरवागार असताना एका दिवसात मान टाकतो. त्यावर उपाय असा की टरबुजाचं रोप भोपळ्याच्या रोपावर कलम करायचं. मूळ भोपळ्याचं, वेल टरबुजाचा. त्यासाठी सगळ्यांत दणकट मूळ मिळतं ते दोन वेगळ्या जातींच्या संकरातून. आई म्हणून आम्ही घेतला होता गुळगुळीत पाठीचा, मऊ जाड देठाचा मोठा भोपळा. बाप म्हणून आपलं गावठी डांगर, ज्याच्या देठाला पाच कंगोरे असतात आणि पानावर चांदीचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके असतात. दोन्ही भोपळेच. पण नातं सख्ख्याचं नाही, चुलत-चुलत म्हणावं असं.

अशा नात्यात संकर सहज धरत नाही. परागकण पडतो, फळ धरतं, फुगतंही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण फळ कापलं की आत बिया असतात त्या नुसत्या टरफलांच्या. दोन बोटांत धरून दाबली की बी चपटी होते. आतला गर्भ केव्हाच मरून गेलेला असतो.

आईच्या आठ ओळी होत्या आणि आठ बायका. प्रत्येकीला एक ओळ. बापाचा तुकडा विहिरीच्या पलीकडं. बायकांनी संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधायची, म्हणजे मधमाशी आत जायची नाही. सकाळी बापाच्या तुकड्यातली तशीच बांधून ठेवलेली नर फुलं डब्यातून आणायची, पाकळ्या फाडून मादी फुलावर घासायची, पुन्हा तोंड बांधायचं, देठाला चिठ्ठी लावायची. आणि आईच्या ओळीतली स्वतःची नर फुलं कळीतच खुडून खड्ड्यात पुरायची. ह्या शेवटच्या गोष्टीवर माझा फार कटाक्ष होता. कारण आईच्याच जातीचा पराग लागला तर फळ मजेत धरतं, बी टच्च भरतं, आणि तो संकर नसतोच मुळी. सगळी मेहनत पाण्यात, आणि ते कळतं कधी, तर बी पेरून रोप वर आल्यावर.

फळं पंचवीस दिवसांची झाली की प्रत्येक ओळीतलं एकेक मी कापून बघायची. पहिल्या ओळीचं कापलं, पोकळ. दुसरी, तिसरी, चौथी, एकेक करत सगळ्या पोकळ. साहेबांना फोनवर सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा खाली येत होता. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. रागावत नसत, पण गप्प होत, आणि ते गप्प होणं मला जास्त बोचायचं.

सातव्या ओळीला फुलं आठ-दहा दिवस उशिरा आली होती. त्या ओळीच्या टोकाला लिंबाचं झाड होतं, सावलीमुळं उशीर झाला असेल असं मी धरून चालले. तिचं पहिलं फळ कापलं तेव्हा सुरी आत गेली आणि बियांना अडकली. बिया पांढऱ्या, जाड, भरलेल्या. मी एक बोटात धरून दाबली, दबली नाही. नखानं सोलली तर आत गर भरलेला. दुसरं फळ कापलं, तेच. तिसरं कापलं, तेच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, हिनं काहीतरी केलंय.

सातवी ओळ ज्यांच्याकडं होती त्या मावशी पन्नाशीच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांची वस्ती शेतापासून दोन-तीन कोसांवर. नवरा आणि दीर अजून मेंढरं घेऊन फिरत. मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ आमच्याकडं कामाला येत. मावशी कमी बोलायच्या. काही विचारलं तर आधी माझ्याकडं बघत, मग जमिनीकडं, मग उत्तर. हे बघणं मला कधीच आवडलं नव्हतं.

इथं एक कबूल करायला हवं. माझं माहेर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी जमिनीचं. लहानपणी उन्हाळ्यात आमच्या रानात मेंढरं बसवायचे, लेंडीखतासाठी. मेंढरंवाल्यांना धान्य दिलं जायचं, चहा दिला जायचा, आणि सकाळी त्यांचा तळ हलला की वडील बांधाबांधानं फिरून काय गेलं, काय राहिलं ते बघायचे. एखादी दोरी सापडली नाही तर "त्यांनीच नेली" असं ठरून जायचं. दोरी पुढं गोठ्यात सापडली तरी ते वाक्य कुणी मागं घेत नसे. हे मी घरातून घेऊन आले होते. शिक्षणानं ते धुतलं गेलं असं मला वाटायचं.

पहिला संशय मी दोऱ्यावर घेतला. कंपनीनं बायकांना सुती दोरा दिला होता. मावशी मात्र घरच्या लोकरीचा धागा वापरत. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाल्या होत्या की सुती दोऱ्यानं पाकळी कापते. तेव्हा पटलं होतं. आता वाटलं, लोकर सैल पडत असणार, कळीचं तोंड उघडं राहत असणार आणि माशी शिरत असणार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की दोरा एकच वापरायचा, कंपनीचा. मावशींनी लोकरीची गुंडी कमरेच्या पिशवीत ठेवली आणि सुती दोरा घेतला. त्यानंतर बांधलेल्या फळांपैकी दोन मी मुद्दाम लवकर, अठराव्या दिवशीच कापली. बी कोवळं होतं, पण भरत आलेलं होतं.

म्हणजे दोरा नव्हे. मग काय? आईच्याच ओळीतली नर फुलं. दुसरं काही असूच शकत नव्हतं. ज्यांच्या फळांत बी भरेल त्यांना पुढच्या हंगामात आधी बोलावणार, असं साहेबांनीच जाहीर केलं होतं. बापाचा तुकडा लांब, विहिरीला वळसा घालून जावं लागतं. पायाशी फुललेलं नर फूल घासून मोकळं होणं किती सोपं.

मी त्यांच्या जावेला एकटीला गाठलं. ती तिसऱ्या ओळीवर होती, हसरी, बडबडी. आडून आडून विचारलं, मावशी काम कसं करतात, कधी येतात. ती आधी टाळत होती. मग दोऱ्याचं रीळ गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "ती लई लवकर येती, मॅडम. आमच्या आधी. ईऊन काय करती ते मला नाय ठावं."

एवढंच. पण ज्याला संशय घ्यायचाय त्याला एवढं रग्गड होतं. जावाजावांत काही असेल, तिसऱ्या ओळीत बी नाही आणि सातव्या ओळीत आहे याचं तिच्या पोटात दुखत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जीपची वाट न बघता स्कूटरवरून निघाले. घाटात थंडी बोचत होती. शेतावर पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. स्कूटर रस्त्यावरच ठेवली आणि विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन उभी राहिले. एम.एस्सी. झालेली, घरी शाळकरी मुलगी असलेली बाई, भिंतीआडून एका मजुरणीवर नजर ठेवून. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मावशी एकट्याच होत्या. सातव्या ओळीत वाकून पुढं सरकत होत्या. मग सहाव्या ओळीत गेल्या, मग पाचव्या. दर थोड्या वेळानं काहीतरी खुडायच्या आणि ओटीत टाकायच्या. मी खोलीमागून बाहेर आले आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ओटी दाखवा म्हणाले. त्यांनी पदर सोडला. आत पिवळीधमक, नुकती उमललेली पाच-सहा फुलं होती. नर फुलं, आणि आईच्या ओळीतली.

"हे काय आहे, मावशी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "संध्याकाळी खुडायची ऱ्हाऊन जात्यात ही. कळी पानाखाली दिसत नाय. सकाळी उमलली की माशी बसती. म्हनून खुडते."

"आणि ओटीत कशाला?"

"भजी करते, घरी. तुमी तर पुरूनच टाकता."

उत्तर इतकं साधं होतं की मला ते तयार करून ठेवलेलं वाटलं. शेतातलं पानसुद्धा बाहेर जाता कामा नये, असा कंपनीचा नियम होता, आणि तो त्यांना माहीत होता. नियम मोडला हे त्या स्वतःच्या तोंडानं सांगत होत्या. ज्याला मोठी गोष्ट लपवायची असते तो छोटी गोष्ट कबूल करतो, असं मी मनात म्हटलं, आणि त्या विचाराच्या हुशारीवर थोडी खूशही झाले.

मी साहेबांना फोन केला. जे पाहिलं ते सांगितलं, आणि जे पाहिलं नव्हतं तेही पाहिल्यासारखं सांगितलं. साहेब म्हणाले, तिला ओळीवरून काढा, खुरपणीला लावा, आणि ओळ दुसरीला द्या. मी ओळ जावेला दिली. मावशींना सगळ्यांदेखत सांगितलं की आजपासून खुरपणी. कारण सांगितलं नाही, पण बायकांना कळायचं ते कळलं. मावशींनी डबा, चिठ्ठ्या, दोऱ्याचं रीळ माझ्या पायाशी मांडून ठेवलं. दोन दिवस खुरपलं. तिसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

जावेनं सातव्या ओळीत नेमानं काम केलं. तिला मी डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही. बापाच्या तुकड्यातून येताना डब्यातली फुलं मोजत होते. अठरा-वीस दिवसांनी तिची फळं कापली. तिसऱ्या ओळीत जिची सगळी फळं पोकळ निघाली होती, तिच्याच हातची सातव्या ओळीतली फळं भरलेली निघाली.

आणि मी काय विचार केला? की हीसुद्धा सामील आहे. थोरलीनं धाकटीला शिकवून ठेवलंय. कापलेलं फळ हातात घेऊन मी लिंबाखाली बसले होते आणि खरोखर असा विचार करत होते. समोर बी होतं, ते काय सांगतंय ते ऐकायचं सोडून मी माणसांची तोंडं आठवत होते.

त्या संध्याकाळी जीपमधून घाट उतरताना मला विद्यापीठातला एक पेपर आठवला. जवळच्या पण वेगळ्या जातींचा संकर धरेल की नाही हे नुसत्या जातींवर ठरत नाही. त्या जातीतलं नेमकं कुठलं झाड आई म्हणून घेतलं आणि कुठलं बाप म्हणून, त्याच्या आनुवंशिकतेवर ठरतं. एकाच जातीतली एक आई परका पराग नाकारते, दुसरी स्वीकारते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, चांगल्या अक्षरात, आकृतीसकट. पण इथं आठही ओळी एकाच वाणाच्या, एकाच पाकिटातल्या. मग सातवीच निराळी कशी असेल? म्हणून तो विचार मी तिथंच सोडला असता. पण झोप येईना, आणि सकाळी ठरवलं की कुणालाही न सांगता स्वतःच्या हातानं करून बघायचं.

सातव्या ओळीतल्या सहा कळ्या आणि चौथ्या ओळीतल्या सहा कळ्या मी स्वतः बांधल्या, वर कागदी पिशव्या घातल्या. बापाची फुलं मीच खुडली, मीच घासली. बायकांना त्या वेलींजवळ जायची मनाई केली. त्या काय समजल्या असतील ते समजल्या असतील. पुढचे वीस दिवस मी रोज त्या पिशव्या बघायची. मावशींचं नाव कुणी काढत नव्हतं, मीही नाही.

विसाव्या दिवशी बारापैकी नऊ फळं धरलेली होती. चौथ्या ओळीतली चारही पोकळ. सातव्या ओळीतली पाचही भरलेली.

मी बराच वेळ सुरी पुसत बसले. माझा स्वतःवर तरी संशय घ्यायचा प्रश्न नव्हता.

दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा मी त्यांच्यात जाऊन बसले आणि पहिल्यांदा सरळ विचारलं, सातव्या ओळीत काय वेगळं आहे? सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या. मग एक म्हातारी म्हणाली की त्या ओळीची रोपं ट्रेमध्येच उंदरांनी खाल्ली होती, तेव्हा साहेब दुसरं बी घेऊन आले होते. तुम्ही त्या आठवड्यात लग्नाला पैठणला गेला होतात. नव्या बियाची रोपं कोवळीच बाकीच्यांबरोबर लावली, म्हणून मागं राहिली. पान मऊ होतं त्यांचं, लव बारीक. सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही; आणि सांगायचं काम त्यांचं नव्हतं, साहेबांचं होतं.

म्हणजे लिंबाची सावली नव्हतीच. ओळीची आईच दुसरी होती.

साहेबांना मी ऑफिसात जाऊन भेटले. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं की संकर हातावर नाही, आईवर अवलंबून निघाला; सातव्या ओळीचा वाण कुठला ते कळलं तर पुढच्या वर्षी सगळ्याच ओळी त्याच्या लावता येतील. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. आधी विचारलं, कुणी सांगितलं दुसरं बी होतं म्हणून. मग उठून दार लोटलं. मी पुन्हा विचारलं, पाकीट कुठलं होतं.

"मॅडम, बी उगवलं ना?" ते म्हणाले. "मग त्याचं गाव कशाला विचारता?"

पाकीट मी नंतर ऑफिसच्या कपाटात पाहिलं. तपकिरी कागदाचं, वरची चिठ्ठी खरवडून काढलेली, गोंदाचा चौकोन तेवढा राहिलेला. ते कुठून आलं असेल याचे मी बरेच अंदाज बांधले. एकही चांगला नव्हता. पण पुरावा काही नव्हता, आणि पुराव्यावाचून अंदाज बांधण्याचा माझा हात किती वाईट आहे ते मला नुकतंच कळलेलं होतं. मी गप्प बसले. बसायला हवं होतं की नाही, ते अजून ठरत नाही.

मावशींच्या वस्तीवर मी एका रविवारी गेले. पत्र्याची दोन घरं, पुढं वाघुरीचं जाळं लावलेला मेंढवाडा, त्यात कोकरं. मावशी शेळीला पाला टाकत होत्या. त्यांनी बाज दाखवली, मी बसले. चहा आला. मी सगळं सांगितलं: कापलेली फळं, माझ्या पिशव्या, दुसरं बी. आणि म्हणाले की माझी चूक झाली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुमीच मला ती वळ दिली. चांगलं बी हाय म्हनून. मंग तुमीच काढून कामून घेतली, ते काय मला उमगंना. म्हनलं, हिच्या मनात काय हाय?"

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते तेव्हा त्याही माझा अर्थ लावत बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या कामावर परत येते म्हणतील. त्या म्हणाल्या, "हितं बोलून काय उपेग, मॅडम? समद्यांम्होरं काढलं, तर समद्यांम्होरं सांगा."

वाजवी होतं. तरी मला ते जड गेलं, हे लपवत नाही. परतताना स्कूटरवर मी त्या वाक्याला पळवाटा शोधत होते: जावेकडून निरोप पाठवू, नाहीतर ओळ परत दिली की बायकांना आपोआप कळेल.

दोन दिवसांनी मावशी आल्या आणि बांधावर उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. बायका जेवायला बसल्या होत्या. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं की मावशींनी काही चोरलं नव्हतं, काही फसवलं नव्हतं; त्यांच्या फळांत बी भरलं कारण त्या ओळीचं झाडच तसं होतं, आणि मी न बघता, न विचारता आळ घेतला. जावेनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात ठेवला. मग म्हातारीनं सरकून जागा केली, मावशी येऊन बसल्या, आणि त्यांनी आपलं फडकं सोडलं. मला कुणी बस म्हणालं नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि मोटारीच्या खोलीकडं गेले.

त्या हंगामाचं बाकीचं काम सातव्या ओळीतच झालं. इतर ओळींत कितीही घासलं तरी पोकळच निघणार होतं. फळं पिकली, बी काढलं, वाळवलं, आणि मावशींच्या चिठ्ठ्या लावलेल्या फळांतलं थोडं ट्रेमध्ये पेरून पाहिलं. तिसरं पान फुटलं तेव्हा त्यावर बापाचे चांदीचे ठिपके आले. ट्रेमधल्या झाडून सगळ्या रोपांवर. आईच्या पानावर ते कधीच नसतात. म्हणजे मावशींच्या हातची सुरुवातीची फळंसुद्धा खऱ्या संकराचीच होती. मी ट्रे त्यांच्यासमोर आणून ठेवला. त्यांनी एक पान उलटं करून बघितलं, लव चाचपली.

दरम्यान साहेबांनी कपाटाचं कुलूप बदललं आणि नवी किल्ली मला दिली नाही. फाटकावर माझी पर्स उघडून बघायला सांगितलं. नव्यानं आलेला पहारेकरी ओशाळून बघायचा. ह्यावर मी काही बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार. पण त्या हंगामानंतर मी नोकरी सोडली. आता एका सरकारी रोपवाटिकेत आहे, आंबा-चिकूची कलमं बघते. तिथं आई-बापाची भानगड नाही, ज्या झाडाची काडी बांधू तेच झाड येतं.

शेवटच्या दिवशी मावशींशी थोडं बोलणं झालं. त्यांनी विचारलं की ह्या ठिपकेवाल्या रोपांचं बी धरून पुढं लावता येईल का. मी सांगितलं की नाही. नातं लांबचं पडलं की लेकराचं असं होतं, ह्यांच्या नर फुलात परागच नीट येत नाही. फूल दिसायला छान, पण आत पावडर नाही.

"म्हंजी दर साली असंच बांधत बसायचं?"

"हो."

"मंग कामाला तोटा नाय," त्या म्हणाल्या आणि ट्रेला पाणी घालायला गेल्या.

पुढच्या वर्षी त्या तिथं गेल्या नाहीत, असं कळलं. एकदा खुलताबादच्या बाजारात जाऊ भेटली. ती अजून त्याच शेतावर होती, आता आठही ओळींत बी भरतं म्हणाली. मावशींचं विचारलं तर म्हणाली, लेकीकडं गेली, पैठणला, आता तिकडंच असती. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, मिरच्या निवडत होती. हे खरं असेल का, असं माझ्या मनात लगेच आलं. मी विचारलं नाही. मावशींना नमस्कार सांगा म्हणाले आणि बसस्टँडकडं निघाले.